पैसे खात्यातून बाहेर काढा, काम सोडू नका

वाचकाचं पत्र

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी परंडा तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. वय ३६. नाव छापू नका. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्या-मुंबईहून पायी येणाऱ्या लोकांसाठी आम्ही सात-आठ जणांनी शाळेत पिठलं-भाकरी करायला सुरुवात केली. त्यातून आमचा गट झाला. आता चौदा जण आहोत. नोंदणी नाही, फक्त व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. उसतोडीला जाणाऱ्यांची जी लेकरं आजी-आजोबांजवळ मागं राहतात त्यांना वह्या-दप्तरं देतो. बार्शीला दवाखान्यात कुणाला न्यायचं असलं तर गाडी करून देतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या गावच्या पोरांनी आणि त्यांच्या मित्रांनी माझ्या फोन-पेवर पैसे पाठवले, कारण गटात माझंच खातं नीट चालू होतं. ३ लाख ८६ हजार आले. किराणा, चादरी, भांडी दिली, दोन घरांना पत्रे दिले. ४१ हजार शिल्लक आहेत. त्याच खात्यात माझे दुधाचे आणि लाडकी बहिणीचे पैसेही येतात. पण वही लिहायला बसले की ११,२०० रुपयांचा मेळ लागत नाही. टेम्पो, डिझेल, हमाली, पोरांचा चहा-वडापाव. पावती कुणीच घेतली नाही. मावशी, एक पैसा मी खाल्लेला नाही.

गेल्या महिन्यात जावळाच्या पंगतीत शेजारचे एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पाणी शिरलं लोकांच्या घरात अन् पत्रा चढला हिच्या घरावर." आमच्या घरावर नवा पत्रा आहे, पण तो बचत गटाच्या कर्जातून घेतलाय. दर महिन्याला हप्ता भरते. मी न जेवता उठले. मालक म्हणतात, पदरचे ११,२०० घाल, हिशोब मिटव आणि सोड हे सगळं. गटातली तरुण पोरं म्हणतात, संस्था रजिस्टर करू. एक पुढारी लाखभर रुपये द्यायला तयार आहेत, पण दप्तरांवर त्यांचा फोटो पाहिजे. पुण्याची मंडळी लेकरांचे वाटपाचे फोटो मागतात. मला काही सुचेना झालंय. सोडून देऊ का?

— एक ताई, परंडा तालुका

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात घाईचा प्रश्न ११,२०० रुपयांचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. पदरचे पैसे घालू नका. मालकांचं म्हणणं मायेपोटी आहे हे मला कळतं. बायकोला भर पंगतीत कुणी बोललं की नवऱ्याला वाटतंच, टाक ते पैसे आणि मोकळी हो. पण तसं केलंत तर वही जुळेल आणि खोटी होईल. उद्या गावाला हे कळलं, आणि गावात असलं कळतंच, तर लोक म्हणतील, खाल्ले होते म्हणूनच भरले. मग खरं सांगूनही कुणाला पटायचं नाही.

खोट्या पावत्या तर अजिबात नकोत. हे मी लांबून सांगत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षांत आम्ही काही शिक्षक मिळून एक मंडळ चालवायचो. एका उन्हाळ्यात दोन वस्त्यांना टँकरनं पाणी पुरवलं आणि शेवटी साडेसहा हजारांचा मेळ बसेना. आमच्यातल्या एकानं ओळखीच्या दुकानातून कोरं बिल आणलं, त्यावर बादल्या आणि दोरखंड लिहिले, आणि आम्ही सगळ्यांनी ते चालवून घेतलं. मीही घेतलं. पुढच्या वर्षी त्याच दुकानदाराच्या भावानं चौकात सांगितलं, आमच्या दुकानातून यांना एक बादलीसुद्धा गेली नाही. पैसे खरोखर टँकरच्या डिझेललाच गेले होते, पण ते ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही. मंडळ मोडलं. पुढची कितीतरी वर्षं त्या भागात कुणीही वर्गणीला गेलं की लोक बादल्यांची आठवण काढायचे. आमच्यामुळे दुसऱ्यांचीही कामं अडली, ही बोच माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

तेव्हा तुम्ही असं करा. बँकेतून सप्टेंबरपासूनचा खातेउतारा काढून आणा. शांतपणे बसून एकेका ओळीसमोर पेन्सिलीनं लिहा, हे कुणाचे आले, हे कशाला गेले. फोन-पेवरून दिलेल्या पैशांचा माग त्यातच लागेल. मग टेम्पोवाल्याला गाठा. अमुक दिवशी इतक्या खेपा केल्या, इतके पैसे मिळाले, असं त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. खेपांच्या तारखा मजकुरात येऊ द्या, पण कागदावर तारीख आजचीच घाला. मागची तारीख घालायचा मोह होईल, तो टाळा. हमाली केलेल्या पोरांची नावं आणि रकमा लिहून सह्या घ्या. एवढं केल्यावर ११,२०० मधले बरेचसे सापडतील असं मला वाटतं. जे सापडणार नाहीत ते वहीत जसेच्या तसे लिहा: "डिझेल, हमाली, चहापाणी. पावती नाही." खाली चौदाही जणांच्या सह्या. सगळेच्या सगळे ११,२०० राहिले तरी ते आलेल्या पैशात शंभराला तीन रुपयेसुद्धा होत नाहीत. चिखलात टेम्पो ढकलताना कुणी पावतीपुस्तक मागत नाही, हे पूर पाहिलेल्या गावाला सांगावं लागत नाही. तुमची चूक असेल तर ती एवढीच की इतके महिने तुम्ही त्याबद्दल गप्प राहिलात.

आता त्या काकांबद्दल. ते बोलले ती जागा चुकीची आणि रीतही चुकीची. घास हातात असलेल्या बाईला असं बोलू नये. पण ताई, जरा त्यांच्या जागी बसून बघा. पैसे सगळे तुमच्या खात्यात आले. गटानं दोन घरांना पत्रे दिले आणि तुमच्याही घरावर नवा पत्रा चढला. हिशोब कुणी पाहिलेला नाही. मीसुद्धा मनातल्या मनात विचारलं असतं. बचत गटाचं पासबुक गावाला दाखवायला तुम्ही बांधील नाही, ती तुमच्या घरची गोष्ट आहे. दाखवावंसं वाटलं तर दाखवा, पण आधी गटाची वही. आणि त्याच काकांकडे एखाद्या मोठ्या बाईला सोबत घेऊन जा आणि म्हणा, "काका, पावत्या तपासायला तुम्हीच बसा." नको म्हणाले तर निदान पुन्हा पंगतीत बोलणार नाहीत. बसले तर गावातला सगळ्यात कडक तपासनीस तुम्हाला मिळाला. माझ्या अनुभवात असे लोक दुसऱ्या प्रकारचे निघतात. एकदा हिशोब स्वतः पाहिला की मग तेच चार लोकांत तुमची बाजू घेतात.

हिशोब वाचायचा कुठं आणि कसा, हे आपल्या मराठवाड्यात बाहेरून शिकायची गरज नाही. तुमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह होत असेलच. त्याची कुठं संस्था नाही, कार्यालय नाही, तरी सात दिवस गाव जेवतं. घरटी वर्गणी ठरते. ज्याच्याकडे रोकड नाही तो ज्वारी-गहू देतो, कुणी तेलाचा डबा देतो, कुणी एका दिवसाची पंगत उचलतो. भाकरी कुणी थापायच्या, महाराजांना आणायला गाडी कुणाची, रात्रीच्या पहाऱ्याला वीणा कुणाच्या गळ्यात, सगळं पारावर बसून ठरतं. आणि काल्याचं कीर्तन झालं की एकजण माईक घेऊन वाचायला लागतो: नाव, रक्कम, नाव, रक्कम. मग खर्च, मग शिल्लक. कधी शंभर-दोनशेचा फरक निघतो, कुणीतरी आवाज चढवतो, दुसरा सांगतो की ते गॅसच्या टाकीचे राहिले, आणि तिथल्या तिथं मिटतं. माझे आजोबा ते वाचन संपेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. त्यांना ऐकू कमी यायचं. कानामागं हात धरून बसायचे, आपल्या दोन पायली ज्वारीचं नाव येईपर्यंत. नाव आलं की धोतर झटकून उठायचे.

तुमचा गट त्याच जातीचा आहे. फक्त तुमचा काला अजून झालेला नाही. पुढच्या सप्ताहात किंवा त्याआधीच्या ग्रामसभेत पंधरा मिनिटं मागून घ्या.

खात्याचं मात्र त्यासाठी थांबवू नका. तुमच्या एका खात्यात दुधाचे पैसे, लाडकी बहिणीचे १,५०० आणि पूरग्रस्तांचे ४१,००० एकत्र पडलेले आहेत. बँकेच्या लेखी ते सगळे तुमचे. त्या बँकेचं कर्ज तुमच्या नावावर असेल आणि हप्ते थकले, तर बँक त्यातून पैसे वळते करून घेऊ शकते. देव न करो, पण तुम्हाला काही झालं तर ते पैसे तुमच्या वारसांकडे जातील आणि गटाला ते परत मिळवणं अवघड होईल. आयकर खात्यानं विचारलं तर उत्तर एकट्या तुम्हालाच द्यायचंय. तुम्ही अडचणीच्या वेळी खातं पुढं केलंत, हा तुमचा मोठेपणा. पण चौदा जणांचं ओझं तुमच्या एकटीच्या पॅनकार्डावर बसलंय आणि बाकीच्या तेरा जणांनी ते बसू दिलं. हे त्यांना स्पष्ट सांगा. बैठक बोलवा, ४१ हजारांचं काय करायचं ते ठरवा, ठराव वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. हा पैसा पुरासाठी आलेला आहे. तो दप्तरांना वापरायचा असेल तर पैसे देणाऱ्यांना आधी विचारा. ग्रुपवर एक ओळ टाकली तरी पुरे, पण विचारा.

नोंदणीबद्दल तरुण पोरांची घाई मला समजते. लेटरहेड आलं, शिक्का आला की अंगात बळ येतं. कायद्याचीही एक बाजू आहे, ती आधी सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये कलम ४१क आहे. नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात ती हीच. तेव्हा पुढच्या वेळी तुमचा नंबर टाकून आवाहन करण्याआधी एक तर ती परवानगी काढा, नाहीतर नोंदणी करा, नाहीतर आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या विश्वासू संस्थेच्या खात्यावर पैसे मागवा.

नोंदणी करणं फार अवघड नाही. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद लागतात, उद्देश आणि नियमावली लिहावी लागते, आणि मग १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून नोंद होते. अवघड आहे ते पुढचं. दरवर्षी ३१ मार्चला हिशोब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यायचं. कार्यकारिणीतला एक माणूस बदलला तरी ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. आपल्याकडे किती संस्था याच एका गोष्टीत अडकून पडल्यात ते धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर बसलं की कळतं. अध्यक्ष वारले, बदल अर्ज दिला नाही, मग दोन गट झाले, दोघंही म्हणतात आम्हीच खरे. बँक कुणालाच पैसे काढू देत नाही आणि वसतिगृहाची लेकरं डाळीची वाट बघत बसतात. दुसरा रोग एका घरातल्या संस्थांचा: नवरा अध्यक्ष, बायको कोषाध्यक्ष, मेव्हणा सचिव. संस्था काढलीत तर एका घरातले दोघं कार्यकारिणीत नकोत, आणि तीनपैकी दोघांच्या सहीशिवाय खात्यातून पैसा हलू नये.

पुण्याची पोरं कदाचित म्हणतील, संस्था असली तर आम्हाला देणगीवर करसवलत मिळेल. ती सवलत संस्थेला वेगळा अर्ज करून मिळवावी लागते, आणि ज्यांनी आयकराची नवी पद्धत घेतली आहे त्यांना ती मिळतच नाही. तेवढ्यासाठी धावू नका.

माझं मत विचाराल तर एक वर्ष थांबा, आणि या वर्षात ठरवा की पुढची पाच वर्षं तुम्ही कोणतं एक काम करणार. चौदा जण वह्याही वाटतील, रुग्णही नेतील, पूरही सांभाळतील, झाडंही लावतील, असं होत नाही. जिथं काम टिकलंय तिथं जाऊन बघा. तुमच्याच जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे. गावोगावच्या साध्या बायकांना शिकवून त्यांनी 'भारतवैद्य' तयार केल्या, ज्या आपल्याच गावात प्राथमिक उपचार करतात. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहियांनी १९८२ मध्ये सुरू केलेलं मानवलोक आहे. लातूरचं विवेकानंद रुग्णालय १९६६ पासूनचं आहे. एक दिवस भाकरी बांधून तिघं-चौघं जा. काम बघाच, पण हिशोब लिहिणाऱ्या माणसाशेजारी तासभर बसा. व्हाउचर कसं लिहितात, रोख रक्कम किती ठेवतात, आलेला माल कुठं नोंदवतात, ते विचारा.

आणि कोणतं काम निवडायचं हे मी तुम्हाला सांगणार नाही, पण एक सुचवते. तुम्ही रुग्णांना बार्शीला नेता. गाडीचं भाडं देणं चांगलंच आहे, त्याहून जास्त मोल कागदाचं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळू शकतात. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे रुग्णाच्या घरच्यांना माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसतं. दवाखान्याच्या काउंटरवर उभं राहून माणूस तिथंच खचतो आणि जमीन गहाण टाकायला गावाकडे फोन लावतो. तुमच्यातल्या दोघांनी एवढंच शिकून घेतलं, की कुणी आजारी पडायच्या आधीच गावातल्या घराघराचे कागद नीट करून ठेवायचे, तर वर्षाला एकही रुपया गोळा न करता तुम्ही लाखोंचं काम कराल. संजय गांधी निराधार योजनेचंही तसंच. दरमहा १,५०० रुपये मिळायला हवेत अशी एखादी विधवा बाई तुमच्या गल्लीतसुद्धा असेल, जिचा अर्ज एका दाखल्यासाठी अडलाय.

उसतोडीच्या लेकरांचंही पुन्हा एकदा बघा. दप्तर जूनमध्ये मिळतं. आईबाप दसरा-दिवाळीला कोयता घेऊन टोळीबरोबर निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत. आजीला अक्षर येत नाही, थंडीत लेकरू शाळेला दांडी मारतं. अशा लेकरांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहं शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात. तुमच्या शाळेत ते चालू आहे का, नसेल तर मागणीचा ठराव झालाय का, चालू असेल तर जेवण कसं आहे, हे विचारणारं कुणी आहे का? मला तर वाटतं, नव्या दप्तरापेक्षा त्या पोरांना संध्याकाळी दिव्याखाली सोबत बसणारं मोठं माणूस जास्त लागतं.

पुढाऱ्यांचे लाख रुपये नाकारायची गरज नाही. फोटो नाकारा. तोंडावर "आम्ही राजकारण करत नाही" असं म्हणू नका, त्यांना ते टोचेल आणि गावात राहायचंय तुम्हाला. असं म्हणा: "दादा, तुमची रक्कम पावतीवर घेऊ, आणि हिशोब वाचू तेव्हा सगळ्यांबरोबर तुमचंही नाव आकड्यासकट वाचू. दप्तरावर मात्र आम्ही कुणाचंच काही छापत नाही." आणि खरोखर कुणाचंच छापू नका, तुमच्या गटाचंसुद्धा नाही. यावर ते तयार झाले तर त्यांचे पैसे इतरांसारखेच. नाही झाले तर लाख रुपये गेले, जाऊ द्या.

फोटोंबद्दल तुम्हाला एक प्रसंग सांगते. बीड जिल्ह्यात एका गावी आम्ही आठवीच्या मुलींना सायकली दिल्या. शाळा वस्तीपासून पाच किलोमीटर. वाटपाचा फोटो पेपरात आला, सगळ्यांना आनंद झाला. महिन्याभरानं मी सहज गेले तर त्यातली एक मुलगी रस्त्यानं पायी येताना दिसली. सायकल बिघडली का म्हणून घरी गेले. सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली, पोत्यानं झाकलेली. चेनकव्हरवर देणगीदाराचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, ते तिच्या वडिलांनी विळ्यानं खरवडून काढलं होतं. खरवडताना खालचा निळा रंगही गेला होता आणि तिथं गंज धरायला लागला होता. वडील काही बोलले नाहीत, पाणी दिलं. आई म्हणाली, "पोरं वर्गात तिला त्या नावानं हाका मारतात." त्या दिवसापासून मी घेणाऱ्या माणसाचा फोटो काढलेला नाही आणि काढू दिलेला नाही.

पुण्याच्या मंडळींना पुरावा हवा असतो, त्यांचं काही चुकत नाही. त्यांना बिलांचे फोटो पाठवा. टेम्पोत भरलेल्या पोत्यांचे पाठवा, नव्या पत्र्याचा पाठवा, वहीच्या पानाचा पाठवा. किती घरांना काय दिलं ते आकड्यात सांगा. ज्याला शंका असेल त्यानं सुट्टीत गावी येऊन तुमच्यासोबत घरं फिरावीत. कोणत्या घराला काय दिलं याची यादी गटाच्या वहीत राहील, तपासायला बसणाऱ्याला ती दाखवाल, पण माईकवर वाचताना आणि भिंतीवर लावताना घेणाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत. "किराणा, अमुक घरं" एवढंच. पैसा सगळ्या गावासमोर मोजायचा. कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती, ते गावासमोर सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

देताना विचारून द्या, हेही यातच येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी-सास्तूरचा भाग जमीनदोस्त झाला तेव्हा मी नोकरीला नवीन होते. आम्हाला कपडे निवडायला बसवलं होतं. देशभरातून गाड्याच्या गाड्या येत होत्या. ढिगात पँटी, स्वेटर, कोट, लहान मुलींचे झालरीचे फ्रॉक. एक म्हातारी तीन दिवस रोज यायची, ढीग चाळायची आणि रिकाम्या हातानं जायची. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा कळलं, तिला नऊवारी हवी होती. अंगावरच्या एका लुगड्यावर ती तिथपर्यंत आली होती. पाऊस पडून कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजले, आणि तिचं लुगडं शेवटी आमच्यातल्या एकीनं आपल्या आईकडून आणून दिलं. पुढं घरदुरुस्तीच्या वेळी लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत बायकांना 'संवाद सहायक' नेमलं गेलं, स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं आपल्या भागातलं काम त्यातूनच वाढलं. त्या बायकांचं काम काय होतं? घरोघर जाऊन सांगायचं आणि विचारायचं. त्या गावच्याच होत्या, म्हणून कुणाला काय नाही हे त्यांना कळायचं. तुम्हीही गावच्याच आहात. पुण्यातून येणारं किट तुम्हाला ठरवता येणार नाही, पण कोणत्या घरात चादर नको आणि पेरणीला बियाणं हवंय, हे तुम्हालाच ठाऊक असतं.

सोडू का, असं तुम्ही विचारलंत. कोषाध्यक्षपण सोडा. ते यंदा दुसऱ्याकडे द्या आणि दर दोन वर्षांनी ते बदलत ठेवा, म्हणजे प्रत्येकाला एकदा तरी कळेल की वही लिहिणं काय असतं. काम सोडू नका. लॉकडाउनमध्ये शाळेच्या व्हरांड्यात भाकरी थापणारी बाई गावाला रोज मिळत नाही. मालकांना माझं पत्र वाचून दाखवा, आणि हिशोब वाचायच्या दिवशी त्यांनाही सोबत घेऊन जा. ते तुमच्या शेजारी उभे राहिले तर तुमचा आवाज कापणार नाही.

वाचताना आधी जमा वाचा, मग खर्च, मग "पावती नाही" ती ओळ. ती शेवटी गुपचूप ढकलू नका, जरा थांबून, स्पष्ट वाचा. टेम्पोवाल्याला समोर बसायला सांगा. कुणी काही विचारलं तर उत्तर त्याला देऊ द्या. वाचून झालं की वही घरी नेऊ नका. मंदिरात पाटावर ठेवा, शेजारी पेन ठेवा, आणि आठवडाभर तिथंच राहू द्या, म्हणजे ज्याला पानं चाळायचीत त्याला तुमच्या दारात यावं लागणार नाही.

तुमची,
मावशी